पाणी फुटतं तिथे

खोक्यातून आली तेव्हा ती गिटार नव्हती.
एक कोरं, हलकं लाकूड, पोटात तीन खड्डे,
वेगळी मान, वायरींचा गुंता,
आणि स्क्रू: कागदावर बावीस, पिशवीत वीस.
बाबा म्हणाले, दोन स्क्रू किसननगरात कुठेही मिळतील,
बाकीची अक्कल कुठून आणणार?

मी म्हटलं, क्रोम करायचीय. अख्खी. आरशासारखी.
ते हसले. हसताना त्यांच्या नाकातून बारीक शीळ येते.
एकतीस वर्षं वागळे इस्टेटच्या एका शेडमध्ये
नळ, तोट्या, टॉवेलचे दांडे
तांबड्या-काळ्या टाकीत बुडवून काढले त्यांनी.
टाकीची वाफ नाकाच्या पडद्यातून आरपार गेली,
जाताना भोक ठेवून गेली, मुगाएवढं.
ठाण्यातल्या कुणाकुणाच्या न्हाणीघरात
त्यांचा चकचकीतपणा अजून ठिबकत असेल.
आमच्या मोरीत प्लास्टिकची तोटी.

"लाकडाला क्रोम चढत नाही. वीज जायला हवी आतून.
लाकूड ठोंब असतं."
मी सांगितलं, आता टाकी लागत नाही, फवारा असतो.
आधी काळा रंग, मग चांदीचं पाणी.
त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दोनशेवीस, चारशे, आठशे, दोन हजार:
पॉलिश पेपरचे आकडे पाढ्यासारखे घोकत घासलं,
महिनाभर, गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला.
चादरींवर काळे ठिपके पडतील म्हणून
चौथ्या मजल्यावरच्या डिमेलोबाई दर रविवारी
वर येऊन पहारा द्यायच्या.
तिसऱ्या रविवारी खुर्ची घेऊन आल्या.

पहिला फवारा मारला आणि
काळ्यातून आकाश वर आलं.
येऊरचा डोंगर कडेला वाकून बसला,
डिमेलोबाई ताणल्या गेल्या, खुर्चीसकट.
अर्ध्या तासात खांद्यापाशी ढग. चिकट, तपकिरी.
मग कांद्याची साल सुटावी तशी चांदी सुटली.

खरवडून काढली. जेवले नाही.
रात्री बाबांनी ते काळं अंग मोरीत उभं केलं,
तांब्याने वरून पाणी सोडलं
आणि मला हाक मारली.
"बघ. कुठे फुटतंय?"
सगळीकडून पाणी एकसंध उतरत होतं,
फक्त खांद्यावर फाटून त्याचे मणी होत होते.
"पाणी फुटतं तिथे तेल असतं.
हात लागलाय तुझा. खोबरेल लावून बसली असशील."
लावलं होतं.

दुसऱ्यांदा ते गच्चीवर आले.
मदतीला नाही, नुसतं बघायला, म्हणे.
बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी, पाच लिटरचे चार कॅन.
"धू. अजून धू.
झालं असं वाटलं की परत एकदा धू."
टाकी नव्हती, तशी वाफही नव्हती,
तरी माझ्या तोंडावरचा मास्क
त्यांनी दोनदा दाबून बसवला.

खालच्या कडेला तांदळाएवढा डाग राहिलाय.
त्यांनी आधी तो पाहिला,
स्वतःचा चेहरा नंतर.
"शेठने हा पीस परत पाठवला असता," म्हणाले,
आणि बनियनने पुसून ठेवली.

जोडल्यावर घूं घूं करायची,
तारेला बोट लावलं की गप्प.
ब्रिजखालची अर्थिंगची वायर मी विसरले होते.
काल ती टाकली.
रात्री साडेबाराला, अँप बंद ठेवून, तारा लावत बसले.
फोनवर ट्यूनर. काटा मधोमध आला की हिरवा होतो.

तारेला हात लागलेला नव्हता, तरी काटा हलला.
थरथरत वर गेला, खाली आला.
पंखा बंद केला.
परत हलला.
कॉटवर बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले.

हिरवा काही होईना.
जवळ येऊन मागे फिरत राहिला.
मी तिसरी तार किंचित सैल केली.
अजून थोडी.